निवल्यावर उघडणारी मूठ

कृष्णनाथ कीर्तनाला उभे आहेत आणि त्यांच्या उजव्या हातात चिपळ्या नाहीत, असं पार्से गावानं कधी पाहिलं नव्हतं. हरिदास पुष्कळ असतात. कुणाची वाणी गोड, कुणाला ओव्या तोंडपाठ, कुणी नुसत्या हातवाऱ्यांवर अर्धी सभा जिंकतो. कृष्णनाथांचं सगळं चिपळ्यांत होतं. पद म्हणताना त्या हलक्या बोलायच्या, आख्यानात कुणी रागावलं की कडाडायच्या. बोलता बोलता ते मध्येच थांबले की एकदाच छन्न करून सांगायच्या, आता कान द्या बाबांनो, पुढं गाभा आहे.

तो हात यंदाच्या पावसाळ्यात गेला. तुयेच्या उतारावर स्कूटर घसरली, ते मानेवर आपटले. गेला म्हणजे तुटला नाही, दिसायला होता तसाच होता. बोटं उघडी राहात, पण मिटत नसत. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस चेपली आहे, वेळ लागेल, आणि पुरतं येईलच असं सांगता येत नाही. कमलाक्षी सकाळ-संध्याकाळ खोबरेल लावून नवऱ्याचा हात चोळायची, एकेक बोट मिटवायची. सोडलं की ते सावकाश परत उघडायचं.

"देवाकडे मागून मागून हात तसोच रवलो," कृष्णनाथ पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ती हसली. पुढं तेच ते ऐकून हसण्याचंही तिला ओझं झालं. घरात सगळेच दमले होते. मुलगा साईश तारवावर, बोटीवरच्या नोकरीत, वर्षातून एकदा येणारा. सून संजना पहाटेच्या बसनं पणजीकडच्या संशोधन संस्थेत जायची आणि दिवेलागणीला परतायची. चपला काढायच्या आधी बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, सोप्यावर बसून घ्यायची आणि तिथंच तिचा डोळा लागायचा. कमलाक्षी तिला उठवायची नाही, वरणाखालचा गॅस बारीक करून ठेवायची.

नवरात्र जवळ येत होतं. तिसऱ्या माळेचं कीर्तन कृष्णनाथांच्या घराकडं बापाच्या वेळेपासून चालत आलेलं. एका दुपारी हात चोळून घेताना ते बायकोला म्हणाले, "गे, हातात चिपळ्यो धरूक नाय गावल्यो तर औंदा त्यो देवीच्या पायांकडे ठेवतलंय. मागीर मिया लोकांत बसान आयकतलंय."

कमलाक्षीनं हात थांबवला नाही. "चिपळ्यांशिवाय गाऊक येणा नाय?"

"येता. पण तो आवाज माझो वाटणा नाय. कोणीतरी मागसून बोलता तसा वाटता."

 नवस बोलला की बोलला, तो फिरवायचा अधिकार बायकोला नसतो. पण त्या रात्री भांडी घासताना तिनं संजनाला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कृष्णनाथ देवापुढं निरांजन लावून बसले होते. संजना आली, हातपाय धुऊन त्यांच्या शेजारी टेकली. तिनं पर्समधून एक डबी काढली. डबीत बोटभर लांबीची पिवळसर पट्टी होती, केळीच्या सोपटातून फाडून काढावी तशी. तिनं पट्टीच्या खालच्या टोकाला पिन टोचून कपाटाची किल्ली अडकवली.

"बाबा, एक दाखवू? देवाच्या दिव्याचा उपयोग केला तर चालेल?"

"दिवो उजेडासाठीच असता. दाखय."

तिनं वरचं टोक चिमटीत धरून पट्टी निरांजनाच्या बाजूला, जरा वर, हात भाजणार नाही इतक्या अंतरावर नेली. काही क्षण काहीच झालं नाही. मग किल्ली हलली आणि वर चढू लागली. कुणी ओढत नव्हतं, दोरा नव्हता. पट्टी आखडत गेली, आखूड आणि जाड झाली. संजनानं ती ज्योतीपासून लांब नेली तशी किल्ली पुन्हा हळूहळू खाली आली.

कृष्णनाथांचा जन्म डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत गेला होता, रबराच्या कारखान्यात. खनिज वाहणाऱ्या बार्जींना लागणाऱ्या नळ्या, ट्रकांचे वॉशर. कोल्हापूर-बेळगावकडची पोरं आणि ते, सगळे मिळून दिवसभर तापलेल्या प्रेससमोर. त्यांनी पट्टी डाव्या हातात घेऊन ताणली, नाकाशी नेली.

"रबर मां ह्या?"

"रबरच."

"रबर एकदा शिजला की शिजला, बाय. परत फिरणा नाय. आमी सांगायचो, रबर आनी जावई, एकदा घट झालो की संपला."

संजना हसली. ती साखळी गावच्या मास्तरांची मुलगी, तिचं मराठी पुस्तकी, सासऱ्याला त्याचं कौतुक. "ह्याला बारीक काड्या बांधलेल्या असतात, बाबा. डोळ्यांना न दिसणाऱ्या. टीव्हीच्या पडद्यात असतात त्याच जातीच्या. द्रव-स्फटिक म्हणतात. पाण्यासारख्या हलत्या, पण स्फटिकासारख्या सगळ्या एका दिशेला तोंड करून राहणाऱ्या. गार असतात तोवर अशा रांगेत राहतात, म्हणून पट्टी लांब. तापल्या की दिशा विसरतात, कशाही लोळतात, पट्टी आखडते. निवल्या की परत रांगेत."

"आनी रांग त्यांका शिकयता कोण?"

"आम्ही. पट्टी आधी अर्धीच शिजवायची. मग ताणायची. आणि ताणून धरलेली असतानाच पुरती शिजवायची. ती ओढ तिच्या लक्षात राहते. न ताणता शिजवली तर काड्या असतात, पण ज्याचं तोंड त्याच्याकडं. तापवा, निववा, काही होत नाही."

कृष्णनाथांनी पट्टी पुन्हा ताणून बघितली. हरिदासाला दृष्टान्त दिसला की त्याचं जेवण राहतं. "म्हणजे कोवळेपणी ज्याका कोणी ओढलो नाय," ते म्हणाले, "तो पुढे तापान तापान नुसतो तापताच रवता."

"कीर्तन मागीर," आतून कमलाक्षी म्हणाली. "आदी जेवा. त्या पोरीचे डोळे मिटतत."

पण संजनाचे डोळे सासऱ्याच्या हातावर होते. तिनं पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवून बघितली, मनगटापासून बोटाच्या पेरापर्यंत. "मिटवायची कामगिरी ही करील," ती म्हणाली. "उघडायचं तुमचा हात आपणच करतो."

पुढचे सगळे रविवार त्यात गेले, आणि संस्थेतल्या कामानंतरच्या संध्याकाळीही. संस्थेतल्या तिच्या वरिष्ठ बाईंना तिनं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, करून बघ, पण हा उपचार नाही हे घरी नीट सांग. संजनानं नीट सांगितलं. कृष्णनाथांनीही नीट ऐकलं. "औषध नव्हे, काठी," ते म्हणाले. "काठीक कोण औषध म्हणता?"

पट्ट्या फाटत, एका बाजूनं वळत. एकदा संजनानं पट्ट्यांची अख्खी खेप फेकून दिली आणि बसमध्ये म्हापशापासून पार्शापर्यंत खिडकीला डोकं टेकून बसली. अखेर जे तयार झालं ते म्हणजे सुती हातमोजा. तळहाताच्या बाजूला पट्ट्या, त्यांच्या आत केसासारखी तार, कातडीला चटका बसू नये म्हणून मध्ये लोकरीची घडी. बॅटरी कमरेला, अंगरख्याखाली. बटण डाव्या अंगठ्यापाशी. दाबलं की पट्ट्या चहाच्या कपाइतक्या तापत आणि चार बोटं आत येऊन अंगठ्याला भिडत. सोडलं की निवत आणि बोटं उघडत.

पहिली तालीम बाल्कांवात झाली. तबल्याला सखाराम, कृष्णनाथांच्या जन्माचा सोबती आणि जन्माचा वैरी, दोन्ही एकाच तोंडानं. चिपळ्या हातात बसवल्या, एक अंगठ्याला, एक बोटांना. कृष्णनाथांनी बटण दाबलं. बोटं मिटली. छन्न.

कमलाक्षी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

"वाजली," सखाराम म्हणाला. "आता उघड."

बोटं उघडू लागली, पण आपल्या वेळेनं. सखारामनं दोन आवर्तनं वाजवली, तिसरं सुरू केलं, थांबला. "मिया घराकडे जाऊन चाय पिऊन येऊ?"

"पी. माझी पण हाड."

"रे कृष्णा, ह्या लयीत गेलंस तर गजेंद्राक सोडवीपर्यंत दसरो येतलो."

"मिटते लवकर, उघडते सावकाश," संजना ओशाळून म्हणाली. "तापायला तारेचा जोर मिळतो, निवायला नुसती हवा. हवा लागली की लवकर निवते." तिनं छताचा पंखा पूर्ण केला आणि त्यांना त्याच्याखाली उभं केलं. खरंच फरक पडला. आवर्तनात एक ठोका, समेवर, एवढं बसू लागलं. द्रुत लय विसरायची, पण समेवरचा एक छन्न हाताशी होता. कृष्णनाथांनी त्याच्यावर अख्खं कीर्तन नव्यानं बांधलं. दररोज संध्याकाळी ते पंख्याखाली उभे राहात, घामानं भिजत, आणि दमून कोचावर पडत. बोटांना लागलेली कळ दंडापर्यंत चढे. पण चिपळ्या वाजत होत्या.

तिसऱ्या माळेच्या सकाळी कमलाक्षीनं हातमोजा देवापुढं ताम्हनात ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं आणि अबोलीचं एक फूल. पट्ट्यांना कुंकू लागलं, तरी संजनानं ते पुसलं नाही.

देवळात जायला निघाले तेव्हा बाहेर ऑक्टोबरचा उकाडा होता, पान हलत नव्हतं. देवळाच्या चौकात, छताखालच्या सभामंडपात, साखळ्यांना टांगलेलं मखर सजलं होतं, झेंडूच्या माळा, मध्ये देवी. वरून दोन मोठे दिवे सोडलेले. लोक आधीच दाटीवाटीनं बसलेले, बायका पुढं, पुरुष खांबांच्या बाजूला. इब्रामपूरचे मास्तर पेटी घेऊन आले होते. कृष्णनाथांनी देवीला दंडवत घातलं, उपरणं सारखं केलं, चिपळ्या हातात बसवून घेतल्या आणि उभे राहिले.

संजना खांबाजवळ सासूच्या शेजारी बसली. बसता बसता तिनं वर बघितलं. छताला पंखे होते. फिरत नव्हते.

"आई, पंखे लावायचे राहिलेत."

"नवरात्रात लावणत नाय," कमलाक्षी म्हणाली. "अखंड दिवो असा मगे. वाऱ्यान इजलो तर?"

संजना पुन्हा पंख्यांकडं बघत राहिली. ती लग्न होऊन आली तेव्हापासून नवरात्रात कधी मोकळी नव्हती, ह्या देवळात या दिवसांत बसली नव्हती. बाल्कांवात पंख्याखाली तिनं सगळं मोजलं, जुळवलं. नवरात्रात देवळातले पंखे बंद असतात हे कुणी तिला सांगितलं नाही. सांगायचं कुणी? पावसाळ्यात विहीर भरते हे कुणी कुणाला सांगतं का? कृष्णनाथ जन्मभर त्याच बंद पंख्यांखाली घामानं निथळत उभे राहिले होते. त्यांच्या लेखी तो उकाडा देवळाचाच एक भाग होता.

पूर्वरंग सुरू झाला. कृष्णनाथांनी आपलंच बांधलेलं पद घेतलं होतं: दमलो रे हरी, आता तूच धरी हात. पहिल्या समेवर चिपळ्या वाजल्या आणि सभेत एक सुस्कारा उमटला, ज्यांना हाताचं ठाऊक होतं त्यांचा. दुसऱ्या समेवर वाजल्या. तिसऱ्या वेळी बोटं पुरती उघडलीच नव्हती, आवाज बोथट आला. कृष्णनाथांनी बोलणं लांबवलं. दमणं म्हणजे काय, हे सांगू लागले. माणूस कामानं दमत नाही, धरून ठेवण्यानं दमतो, असं काहीसं. एकीकडं हात निवायची वाट बघत होते. हात निवत नव्हता. वरून दिव्यांची धग, समोर माणसांची ऊब, मोज्यात लोकर. बटणावरचा अंगठा त्यांनी केव्हाच काढला होता, तरी बोटं आत येत गेली, येत गेली, आणि मूठ वळली. आत चिपळ्या गच्च.

त्यांनी सखारामकडं पाहिलं. सखारामला कळलं. त्यानं तबला चालूच ठेवला, नुसता, कुठंही न जाता, घरी पोचलेला माणूस अंगणात रेंगाळतो तसा.

मागं कुणीतरी म्हणालं, "हरिदासबुवांका गरम जाता. पंखो लावा रे थोडो."

एक जण उठलाही. कृष्णनाथांनी डावा हात वर करून त्याला बसवलं. देवीसमोरची ज्योत सरळ उभी होती. आपली मूठ उघडावी म्हणून ती हलवायची, एवढं त्यांचं धाडस नव्हतं, आणि इच्छाही नव्हती. पद कसंबसं संपवून त्यांनी पूर्वरंग मिटवला. चिपळ्या मुठीत मुक्या होत्या. त्यांना वाटलं, झालं. नवस फेडायला आणखी तासभर थांबायचं, इतकंच.

मध्यंतरात भटजी आले. हार घातला, बुक्का लावला. या देवळात हरिदासाला मध्यंतरात तीर्थही देतात, घसा ओला व्हावा म्हणून. भटजींनी पळी पुढं केली. तीर्थ उजव्या हातावरच घ्यायचं. कृष्णनाथांनी हात पुढं केला, ती वळलेली मूठ, मोज्यासकट.

"उघडा," भटजी हळूच म्हणाले.

"उघडणा नाय."

"मग?"

"ओता तशीच. देवीक कळता."

भटजींनी क्षणभर विचार केला आणि मुठीवरच तीर्थ सोडलं. तांब्यातलं, गाभाऱ्यातल्या अंधारात ठेवलेलं गार पाणी. एक पळी, मग दुसरी. पाणी मोज्यात मुरलं, पट्ट्यांवरून ओघळलं. करंगळी आधी सुटली. मग तिच्या शेजारची. मूठ उघडत गेली, आणि तिसरी पळी भटजींनी उघड्या तळहातावर घातली. चिपळ्या कड्यांना लोंबत होत्या, तीर्थ त्यांच्यावरूनच खाली आलं. कृष्णनाथांनी तसाच हात ओठांना लावला.

खांबाजवळ संजनाचे दोन्ही हात मांडीवर घट्ट एकमेकांत अडकलेले होते. ती उठली, देवळाच्या विहिरीवर गेली, कळशीभर पाणी घेऊन आली आणि कुणाला न विचारता सासऱ्याच्या उजव्या बाजूला ठेवून परत जागेवर बसली.

उत्तररंगाला गजेंद्राचं आख्यान होतं. हत्ती सरोवरात उतरतो, मगर त्याचा पाय धरते, आणि ओढाताण वर्षानुवर्षं चालते, एवढी की बघणारे देवही कंटाळतात. दरवर्षी कृष्णनाथ हे आख्यान धावत सांगायचे. चिपळ्यांच्या लाटा यायच्या, हत्ती चीत्कार करायचा, मगर पाणी घुसळायची, लोक पुढं सरकून बसायचे. आज ते थांबत थांबत सांगू लागले. सखारामनं लय सोडून दिली होती, ती त्यांच्या मागं चालत येत होती, म्हाताऱ्या माणसामागं नातवंड येतं तशी. एक प्रसंग पुरा झाला की कृष्णनाथ वाकून हात कळशीत बुडवत. पाणी गळणारा हात वर येई, बोटं उघडलेली. मग ते पुढचं सांगत, आणि त्या प्रसंगाचा कळस आला की बटण दाबत. एकच छन्न. मग पुन्हा शांत.

लोकांना आधी ते विचित्र वाटलं. एकदोघं हसलीही. मग त्यांचं हसणं विरलं. पुढचा छन्न कुठं येणार, ह्याकडं सगळ्यांचे कान लागले. मध्ये एवढी जागा होती की पणतीतली वात चुरचुरलेली ऐकू येत होती. कृष्णनाथांचा आवाजही बसत चालला होता, दंडात कळ होती, पाठ भरून आली होती. हत्ती दमला, हे त्यांना आज वेगळं रंगवावं लागलं नाही. "तो म्हणाला," ते म्हणाले, "माझी ताकद संपली. माझ्या नातलगांची संपली. सोंडेत हे एक फूल राहिलं आहे, तेवढं घे." आणि थांबले. हात कळशीत गेला, वर आला. पाण्याचे थेंब फरशीवर टपटपत राहिले. मग चिपळ्या वाजल्या, आणि देव धावत निघाला.

नामघोष लोकांनीच उचलला. टाळ्यांची लय त्यांनीच धरली. कृष्णनाथ नुसते ओठ हलवत उभे होते.

मग मडक्याला चामडं चढवलेले घुमट वाजू लागले, मखर झुलवलं, आरती झाली. आरतीचं तबक फिरत आलं तेव्हा त्यांनी सवयीनं दोन्ही हात ज्योतीवर धरले आणि तोंडावरून फिरवले. उजवा हात तोंडाशी आला तो मूठ होऊन. आत चिपळ्या.

गर्दी पांगली. कृष्णनाथ मखरासमोर गेले. कमरेला मखमलीचा लाल तुकडा खोचलेला होता, सकाळीच आणलेला. त्यांनी तो डाव्या हातानं काढून देवीच्या पायांपाशी पसरला आणि उजवी मूठ त्यावर ठेवली. मूठ मिटलेलीच. ते वाट बघत बसले.

सखाराम तबल्याला गवसणी घालून तिथं आला. त्याला नवसाचं ठाऊक नव्हतं, पण मखमल बघून कळलं. "काय रे, चिपळ्यो ठेवतंस?"

"ठेवतंय."

"तुझो हात तर सोडणा नाय."

"सोडतलो. निवता थोडो."

सखाराम शेजारी बसला. "रे, देवीकच नको असतल्यो. खूण असा ही."

"खूण नाय ती, सख्या. ज्योतीर तापलो तो," कृष्णनाथ दमून म्हणाले. "रबराचो गुण तो. देवीच्या नावार घालू नको. जेव्हा निवतलो तेव्हा उघडतलो. मागीर मिया ठरयतलंय."

सखारामनं त्या मुठीवर फुंकर घातली. मग आणखी एक. दोघं म्हातारे देवीसमोर बसून एका हातावर फुंकर घालताहेत, हे बघून भटजींनी हसू दाबून गाभाऱ्याचं दार ओढलं.

शालिनी म्हणून एक म्हातारी, कृष्णनाथांच्या बापाची कीर्तनं ऐकलेली, घरी जायला निघाली होती. ती नमस्कार करायला मखरापाशी आली, काठी टेकून थांबली.

"कृष्णा, आज बरा सांगितलंस."

"वयनी, अर्धा कीर्तन पाण्यात गेला."

"दरवर्सा तू धावतंस. आमी मागसून धावतंव, आनी पोचतंव तेव्हा तू संपलेलो असतंस. आज तुझ्या वांगडा, बरोबरीन चलत इलंव." एवढं बोलून तिनं देवीला हात जोडले आणि अंधारात आपल्या वाटेनं गेली.

कृष्णनाथांनी खाली बघितलं. मूठ सुटत होती. करंगळी, तिच्या शेजारची, मग बाकीची. तळहात पुरता उघडला आणि चिपळ्या मखमलीवर सैल पडल्या. आता कुणी अडवत नव्हतं, ना रबर, ना माणूस. ते त्या चिपळ्यांकडं बघत राहिले. लाकूड घामानं आणि तीर्थानं काळं पडलं होतं, एक झांज वाकली होती.

मग त्यांनी डाव्या हातानं मखमलीचे चारही कोन उचलले, चिपळ्या आत गुंडाळल्या आणि मागं उभ्या असलेल्या कमलाक्षीच्या हातात दिल्या.

"घराकडे व्हर."

 तिनं गाठोडं पिशवीत घातलं, वर प्रसादाचा नारळ ठेवला.

"आनी नवस?" सखारामनं विचारलं.

"हातात धरूक नाय गावल्यो तर, असो नवस होतो. धरूक गावल्यो. सोडूक कष्ट पडले, तां वेगळा." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "पुढल्या वर्सा आख्यान लहान घेऊया. आनी तू चाय घराकडून पिऊन ये."

बाहेर रिक्षा उभी होती. संजना त्यांच्या हातातून काढलेला हातमोजा पिळून वाळवत होती. तारेची एक जोडणी सुटली होती, एका पट्टीला भेग पडली होती.

"बाबा, मी आधी विचारायला हवं होतं. पंख्याचं." तिचा आवाज कोरडा होता, झोप न झाल्याचा. "जास्त तापल्यावरच आखडेल अशी पट्टी करता येते. मग उकाड्यानं मिटणार नाही. मी उद्याच—"

"उद्या झोप," कृष्णनाथ म्हणाले. "रविवारपर्यंत झोप. मागीर बघूया. पण लय ही अशीच ठेव हां, लवकर उघडणारी करू नको. मियाच आता तिका सरावलंय."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, दमलेल्या माणसाचे येतात तसे.

रिक्षा तुयेच्या त्याच उतारावरून खाली आली तेव्हा कृष्णनाथ मध्ये बसल्या बसल्या झोपी गेले होते. एका बाजूला संजना, तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर. दुसऱ्या बाजूला कमलाक्षी, पिशवी पोटाशी धरून. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, बोटं सैल. रिक्षा खड्ड्यातून उसळली की पिशवीतल्या चिपळ्या नारळाखाली किंचित वाजत. कमलाक्षीनं त्या दाबून धरल्या नाहीत.